पिशवीचे सहा श्वास

तंत्रज्ञकाकांनी उभ्या हयातीत शेकडो व्हेंटिलेटर तपासले होते. माणसाला जोडण्याआधी यंत्र एका रबरी पिशवीला जोडायचं, मिनिटाला बारा श्वास द्यायचे आणि पडद्यावर बारा दिसले की सही ठोकायची. कामात कटकट नाही. पिशवी कधी तक्रार करत नाही.

आज पडद्यावर अठरा दिसले. बारा यंत्राचे, सहा रुग्णाचे.

"कुठेतरी गळती असेल," काका पुटपुटले. त्यांनी सगळे सांधे चाचपले. गळती नव्हती. पिशवी आपली शांतपणे श्वास घेत होती.

"काका, आटपा हो!" खाटेवरच्या बाईंचा मुलगा रडकुंडीला आला होता. आईच्या फुप्फुसांतले जंतू एकाही औषधाला दाद देत नव्हते. आता उरलं होतं ते फक्त संशोधनातलं नवं औषध. ते मिळायला रुग्णाला मिनिटाला स्वतःचे सहा श्वास घेता यायला हवे होते. नियमाप्रमाणे पिशवी पात्र ठरली होती.

काकांनी पिशवी काढली. इतका वेळ हाताच्या पंपाने बाईंना श्वास देणाऱ्या सिस्टरनी नळी त्यांना जोडली. पडद्यावर बारा आले. सगळे यंत्राचे.

डॉक्टरांनी हातातला नव्या औषधाचा अर्ज मिटला.

"अहो, आत्ता दहा मिनिटांपूर्वी आईचे स्वतःचे सहा होते! तुम्हीच मोजलेत ना!" मुलगा डॉक्टरांच्या पाया पडायला वाकला. "परत मोजा. काका, तुम्ही तरी सांगा यांना!"

काकांनी खाली पाहिलं. त्यांच्या मुठीतली पिशवी, कशालाही न जोडलेली, हळूच फुगली.