गफ्फारचाचाच्या गाडीतली खरखर

इंजिन बंद असतानाही रेडिओची खरखर तशीच होती, म्हणजे दोष प्लगचा नव्हता. प्रफुलनं बॉनेट खाली घेतलं आणि आपला पहिला अंदाज चुकला हे मुकाट्यानं मान्य केलं.

गाडी जुनी, लाल, दोन दारांची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. कोरपन्याच्या रस्त्यांवर असल्या स्पोर्ट्स कारचं काय काम, हे गफ्फारचाचाला विचारायची कुणाची छाती नव्हती. सिमेंट कारखान्यातला एक साहेब बदली होऊन जाताना ती विकत होता आणि चाचाच्या मुलीनं, फरहतनं, हट्ट धरला होता. त्या काळी फरहतचा शब्द या घरात खाली पडत नसे.

आता तिचं नावही निघत नसे. चाचानं ठरवलेला निकाह मोडून ती चंद्रपूरला निघून गेली आणि तिथं रेडिओवर निवेदिका झाली. तिचा आवाज या घरात पुन्हा ऐकू येणार नाही, अशी कसम चाचानं चारचौघांत खाल्ली. घरातला रेडिओ त्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकला. गावानंही ती कसम इमानानं पाळली. जाहिदाचाचीसमोर पोरीचा विषय कुणी काढत नसे.

पण गाडी म्हणजे काही घर नव्हे. संध्याकाळी सातला फरहतचा कार्यक्रम लागला की चाचा अंगणातल्या गाडीत दार लावून बसे. काच मात्र खाली असे, अगदी थंडीतही. समोरच स्वयंपाकघराची खिडकी होती आणि चाचीला कणीक नेमकी त्याच वेळी मळायची असे. दोघांनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. नवराबायकोचे असले करार न बोलताच टिकतात.

गेल्या काही आठवड्यांपासून मात्र रेडिओ नुसता खरखरत होता. चाचा तरीही रोज जाऊन बसे. दुरुस्त करून घ्या म्हटलं तर आभाळाकडं बोट दाखवी. पावसाळा आहे, ढग आहेत, येईल आपोआप. शेवटी माजरीचा मेकॅनिक प्रफुल गावात बहिणीकडं आलाय असं कळल्यावर चाचीनं, नवरा दुकानात असताना, त्याला परस्पर बोलावून घेतलं.

"मागं हे मालासाठी चंद्रपूरले गेले होते, तवापासून बिघडला," ती म्हणाली. "माल बी नाई भेटला, नुसते चिखलाचे पाय घेऊन आले. रस्त्यात धक्का बसला असंल. नीट पाह्य बाबा. आवाज आला का मले समजते, पोर बरी हाये."

प्रफुल पुन्हा कामाला लागला. त्यानं एरियलच्या बुडाचा गंज पॉलिश पेपरनं घासून काढला, अर्थिंगचा नट आवळला. खरखर जिथल्या तिथं. आता आतली तार बघायची म्हणून त्यानं ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली. तिच्यावर वाळलेल्या मातीची ढेकळं होती. ती झटकायला तो वळला.

"माती झटकू नको."

गफ्फारचाचा मागं उभा होता. दुकानातून मधेच आला होता. प्रफुलनं चटई तशीच अलगद बाजूला ठेवली. म्हाताऱ्यांच्या एकेक तऱ्हा, दुसरं काय. त्यानं डॅशबोर्डखाली हात घातला आणि एरियलची तार दोन तुकड्यांत त्याच्या हाती आली.

उंदरानं कुरतडलेली तार कळते. ही पात्यानं कापलेली होती आणि दोन्ही टोकांना नीट टेप गुंडाळली होती. प्रफुलनं मान वर केली.

"म्याच कापली," चाचा खिडकीकडं पाठ करून हळू म्हणाला. "जोडू नको. चाचीले सांग, गाडी जुनी हाये, होत नाई."

"काऊन चाचा?"

"सांगतो तेवढं कर."

आणि तो संध्याकाळच्या, मगरिबच्या नमाजाला निघून गेला.

प्रफुलचं डोकं फिरलं. पोरीला घर बंद केलं ते केलंच, आता आईच्या कानावर पडणारा तिचा आवाजही या माणसाला सहन होईना. वर रोज सातला गाडीत बसायचं आणि बायकोला खरखर ऐकवायची. आकस धरायचा तर किती धरायचा माणसानं. प्रफुलनं रागारागात तारेची टोकं सोलली. त्यानं ती पिळून जोडली, टेप लावली, चटई जागेवर ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन हाक मारली.

"चाची, झाला. आज तुमीच बसा."

चाची ओढणीला हात पुसत आली. त्या गाडीत चाचाच्या जागेवर ती पहिल्यांदाच बसत होती. मशिदीत टेकवावं तसं जपून तिनं अंग टेकवलं, चपला बाहेर काढल्या आणि अनवाणी पाय चटईवरच्या मातीत ठेवले. प्रफुलनं बटण फिरवलं.

खरखर गेली होती. गाणं संपलं आणि फरहत बोलू लागली, शेजारच्या सीटवर बसल्यासारखी स्वच्छ. काटवलाच्या भाजीचं काहीतरी सांगत होती. अम्मी करते तशी मला अजून जमत नाही, म्हणाली.

"कांदा आधी टाकत असंल," चाची म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळेही वाहत होते. "कितीदा सांगतलं तिले."

चाचा फाटकातून आत शिरला. आवाज कानावर पडताच तो धावत सुटला. या वयात त्याला धावताना प्रफुलनं कधी पाहिलं नव्हतं. प्रफुल गाडीच्या दारापाशी आडवा झाला.

"बंद कर ते," चाचा त्याला ढकलत म्हणाला. "तुले हात जोडतो, बंद कर."

"ऐकू द्या ना चाचा. माय हाये ते."

प्रफुल जागचा हलला नाही. चाचानं त्याच्या बगलेखालून आत हात घातला, पण बटणापर्यंत तो पोचला नाही. रेडिओवर फरहत थांबली आणि एका पुरुषाचा आवाज म्हणाला, "आमच्या दिवंगत सहकारी फरहत यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणातला हा भाग आपण ऐकलात."