लिंबाची फोड

रममध्ये मुरलेल्या फळांचा केक टेबलावर तयार होता. उद्या चर्चमध्ये लेकीचं लग्न, आणि व्हर्लिनचं आइसिंग काही केल्या फुलेना. भांडं लिंबाने पुसून तिने पुन्हा बोटांतून अंड्यातलं पांढरं गाळलं, साखर घालून घोटलं. पाणीच! शेजारी बसलेल्या विहीणबाईंसमोर तिचा पारा चढला. "युडोरामावशी, तळणाचे हात घेऊन भांड्यापाशी कशाला कडमडलीस? तेल लागलं की पांढरं फुलतं का कधी?" गावभरच्या लग्नांचे केक सजवणारी मावशी परसात गेली. परतली ती झाडावरचं लिंबू कापून. व्हर्लिनने भांडं पुढे सरकवलं. "ते राहू दे. हात आण," म्हणत मावशीने तिचा तळवा हुंगला. खोबरेल! सकाळी लेकीच्या वेण्या घालताना चोपडलेलं. मावशी तिच्या बोटांवर लिंबू चोळत मोठ्याने म्हणाली, "चुकलं हो, विहीणबाई! माझेच हात तेलकट." खरं सांगायला व्हर्लिनची जीभ रेटेना. नखांच्या कडांना लिंबू झोंबलं, तरी तिने हात सोडवला नाही.