द्वार आणि पायवाट

"हा मंत्र काढलास तर तुझा खेळ मी पुन्हा हातात धरणार नाही," ताईने सकाळीच बजावलं होतं. आणि आता शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन, तो नेमका तोच मंत्र खेळातून काढून टाकायला बसला होता.

आईला नुकतंच आत नेलं होतं. तिचा एक डोळा बारा वर्षांपूर्वीच कामातून गेलेला. उरलेल्यावर आज ताई स्वतः शस्त्रक्रिया करणार होती. अलीकडे ताई अशी कामं हाताखालच्या डॉक्टरांवर सोपवायची, "शिकू दे त्यांना," म्हणायची. आईच्या बाबतीतही तिने बरेच आढेवेढे घेतले. पण आई हटून बसली, हात लावायचा तर माझ्या लेकीने. शेवटी त्यानेही ताईला गळ घातली, तेव्हा कुठे ती तयार झाली.

"दारावरचा लाल दिवा लागला की मॅडमनी सुरुवात केली असं समजा," सिस्टर जाता जाता सांगून गेली. "मग वीस मिनिटं कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही."

दिव्याकडे बघत बसलं तर जीव टांगणीला लागायचा, म्हणून त्याने काम उघडलं.

ऑफिसात त्याला सगळे तराजू म्हणत. त्यांच्या कंपनीच्या टॅबवरच्या युद्धाच्या खेळात जादूची चार पीठं होती, वायू, जल, अग्नी आणि भूमी. ("चार पिठं? दळून आणलीस का?" आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं.) कुठलंच पीठ बाकीच्यांना डोईजड होऊ नये, हे बघणं त्याचं काम. भांडणं व्हायची ती सैन्य हलवायच्या मंत्रांवरून. वायुपीठाचं द्वार म्हणजे पटावरच्या कुठल्याही घरावर बोट टेकवा, शिपाई तिथे हजर. भूमिपीठाची पायवाट मात्र बोटानेच आखावी लागे, बोट न उचलता, काटेरी घरांच्या मधून. काट्याला बोट लागलं की डाव फसला. निभावलं तर शिपायाची ताकद दुप्पट.

ताई ही त्याची सगळ्यात भरवशाची परीक्षक. रोज टॅबवर दोन डाव ठरलेले. पूर्वी पायवाट म्हणजे तिच्या हातचा मळ. काट्यांतून सरळ वाट काढायची आणि वर त्याला चिडवायची, "टाके घालण्यापेक्षा सोपं आहे रे हे." गेले आठ महिने मात्र ती पायवाटेकडे ढुंकूनही बघत नव्हती. नुसतं द्वार, द्वार आणि द्वार. आणि तरी जिंकायची.

ताईसारखी खेळाडू भूमिपीठ सोडते म्हणजे वायुपीठ भलतंच माजलंय, असा त्याने हिशोब लावला. द्वाराला लागणारी शक्ती त्याने तीनदा वाढवून पाहिली. ताई तिथून हलली नाही. म्हणून आज दुपारच्या आवृत्तीत तो मंत्रच काढून टाकायचा होता.

सकाळी चहा घेताना त्याने तिला हे सांगितलं, तर ती चक्क चिडली. त्याला नवल वाटलं. एरवी ती सगळं चेष्टेवारी न्यायची. थोड्या वेळाने निवळली, कप पुढे करून म्हणाली, "अर्धाच भर. आज पोट हलकं हवं." मग आईच्या संमतीचा फॉर्म त्याच्याकडे सरकवला. "तूच भर बाबा. माझं अक्षर डॉक्टरचं, माझं मलाच लागत नाही." आई खुदकन हसली.

"आण तो टॅब," ताई उठत म्हणाली. "एक डाव पायवाटेने खेळते. झालं समाधान?" आतल्या खोलीत गेली आणि पाचच मिनिटांत परत आली. "कंटाळा आला, सोडून दिला," एवढंच म्हणाली.

फोन वाजला. ऑफिसातून आकडेवारी बघणारी बाई बोलत होती.

"तराजू, द्वार काढू नकोस. वायुपीठ जिंकतंय ते एकाच खेळाडूमुळे. तिला वगळून बघितलं, तर चारही पीठांत तेच सगळ्यात दुबळं आहे. बाकी सगळे पायवाटच घेतात."

"मग ती का घेत नाही?"

"तुझी बहीण ना? तिला विचार. नाहीतर बोटाची नोंद उघडून बघ."

प्रत्येक डावात बोट कुठून कुठे गेलं, याची निळी रेघ खेळात साठून राही. त्याने ती कधी उघडली नव्हती. त्याला आकडे पुरायचे.

त्याने ताईची दोन वर्षांपूर्वीची पायवाट उघडली. पट्टीने आखावी तशी रेघ. वर्षापूर्वीची उघडली. वळणांवर रेघ जराशी हलली होती. आठ महिन्यांपूर्वीच्या एका दिवशी ओळीने चार डाव, चारही पहिल्याच काट्यावर फसलेले. त्यानंतर पायवाट एकदाही नाही.

आपण काय बघतोय, ते त्याला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

सगळ्यात खाली आजची नोंद होती. सकाळी सात वाजून दहा मिनिटं. एक डाव नव्हता तो, अकरा होते. पुन्हा पुन्हा सुरू केलेले, अकराही पहिल्याच काट्यावर फसलेले. पुढे जायच्या आधी, जागच्या जागीच, रेघ थरथरत होती.

त्याने मान वर केली. दारावरचा लाल दिवा लागलेला होता.