वर्सोव्याचं खोगीर

गोष्ट पंचावन्न सालची. मुलुंडच्या वाचनालयातल्या प्रदर्शनाचा तिसरा दिवस होता. भिंतीवर विद्याधरची तैलचित्रं, टेबलावर बायकोने, सुगंधाने, मागणीप्रमाणे बनवलेली खेळणी. लोक वाकून खेळणी बघत आणि मान वर न करताच निघून जात. विद्याधरला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. परवा लाकडी घोड्याच्या खोगिराला जाड कापड मिळेना, तेव्हा वर्सोव्याच्या होड्यांचं छोटं चित्र त्यानेच चौकटीतून काढून कापायला दिलं होतं. आज घोडा न्यायला आलेल्या बाई खोगिरावरून हात फिरवत राहिल्या. "होडी खरीच वाटते हो. कुठे मिळतं असं कापड? भाच्यांसाठी आणखी दोन घोडे हवेत." विद्याधर स्टूल घेऊन भिंतीकडे वळला. "कात्री दे गं," तो थकून म्हणाला. सुगंधाने कात्री पदराखाली सरकवली. "बाई, कापड नाही ते," ती म्हणाली. "जरा मान वर करा."