लाल प्रश्नचिन्ह

सत्काराच्या भाषणात मी पडद्यावर लावलेलं पहिलं चित्र एका काचपट्टीचं होतं. तिच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं काढलेलं प्रश्नचिन्ह होतं.

“परागकण ओळखायला मी कॉम्प्युटरला शिकवलं, असं तुम्ही म्हणता,” मी बोलू लागले. “पण त्याआधी नऊ हजार काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून प्रत्येकीवर फुलाचं नाव लिहिलं ते आमच्या प्रयोगशाळेतल्या गुरवमामांनी. खात्री नसेल तिथं त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं. माझे गाईड म्हणाले, ‘या चारशे पट्ट्या टाकून दे.’ मला टाकवेनात. मी त्याही कॉम्प्युटरला दाखवल्या, आणि तो ‘माहीत नाही’ म्हणायला शिकला. इतरांचे कॉम्प्युटर काहीतरी ठोकून द्यायचे, आमचा कबूल करायचा. माझी पीएचडी, नोकरी, आजची ही शाल, सगळं त्या कबुलीवर उभं आहे.”

पहिल्या रांगेतल्या मामांना मी वर बोलावलं, शाल त्यांच्या खांद्यांवर घातली आणि माइक हातात दिला.

“ताई खोटं बोलतायत,” मामा म्हणाले. मग त्यांनी माइक तोंडाजवळ धरला.

“आधीच्या साहेबांपुढं ‘माहीत नाही’ म्हटलं की बोलणी बसायची. म्हणून मीही ठोकूनच द्यायचो. ताई मात्र पहिल्याच दिवशी पट्टी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘मामा, मला यातलं काहीएक कळत नाही. शिकवाल?’”

मामांनी शाल सावरली.

“एवढं शिकलेलं माणूस असं म्हणतंय म्हटल्यावर त्याच संध्याकाळी मी लाल पेन्सिल विकत आणली.”