तिकडची सहा वर्षं

“तिथे नाही काकू, खाली पत्नीच्या रकान्यात सही करा,” खिडकीतला कारकून म्हणाला.

बायकोने पेन उचललं, रकान्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवलं. फिटरने कपाळावर हात मारला. हिला इथवर आणायला त्याला तीन वर्षं लागली होती आणि आता सहीपाशी घोडं अडलं होतं.

“अगं, कर ना. त्यात काय एवढं?”

“उगाच हात दाखवून अवलक्षण,” ती पुटपुटली, पण सही केली.

तीन वर्षं तिने हेच एक पालुपद लावलं होतं. कशाला त्या भानगडीत पडता? आहे त्यात भागतंय की. भागतंय म्हणजे काय, तर फिटर बासष्टाव्या वर्षी दुखरा गुडघा घेऊन लोकांच्या गच्चीवर शिडीने चढत होता आणि टाकीचे नळ बदलत होता. गेल्या महिन्यात दुसऱ्याच पायरीवर गुडघ्याने दगा दिला. थोडक्यात निभावलं.

हिशेब सोपा होता. पेन्शनला पंधरा वर्षं नोकरी लागते. इथल्या पंपघरात त्याची अकरा भरली होती. त्याआधीची सहा दुसऱ्या देशात, जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत गेली. दोन्ही देशांचा आता करार झाला होता, इकडची आणि तिकडची वर्षं एकत्र धरायची. सहा मिळाली तर शिडी अडगळीत जाणार होती. नाही मिळाली तर मरेपर्यंत चढायचं.

“तिकडच्या ऑफिसचं उत्तर आलंय, पाकीट आतल्या टेबलावर आहे. आणतोच. त्याआधी एक सांगा काका, तुमच्याबरोबर तिकडे असलेलं कोणी आहे? नोंद कच्ची निघाली तर साक्षीदार लागेल.”

“होता एक. पळपुटा!”

“अहो,” बायको म्हणाली.

“खोटं आहे का? लंबू म्हणायचो त्याला, साडेसहा फुटांचा गडी. इकडून आम्ही दोघंच गेलेलो. एका खोलीत सहा वर्षं काढली, एका ताटात जेवलो. आणि हा पठ्ठ्या एक दिवस खोली टाकून पसार! कंपनीने त्याच्या बायकोला कळवलं, न सांगता काम सोडून गेला म्हणून. मागे बायको, पदरात लहान पोर. पुन्हा तोंड दाखवलं नाही.”

कारकुनाला गोष्टीत रस वाटला असावा, तो उठता उठता परत बसला. “तुम्ही शोधलं नाही?”

“मी कुठे होतो तिथे! आई शेवटची घटका मोजतेय असा फोन आला. रजा कोण देतोय? लंबूची आठवड्याची सुट्टी होती, तो म्हणाला, तू नीघ, तुझ्या बिल्ल्यावर मी जातो.”

“बिल्ला?”

“पितळेचा. प्रत्येकाचा नंबर कोरलेला, गेटपाशी फळीवर टांगलेला. सकाळी उचलून गळ्यात घालायचा, संध्याकाळी टांगायचा. तिथे माणूस नाही, बिल्ला हजर लागायचा. एकमेकांचे बिल्ले सगळेच घालायचे, मुकादम तोंडाकडे बघतोय कशाला? मी त्याच रात्रीची गाडी धरली. पंधरा दिवसांत आई गेली. मग परत जायला पाय उचलेना. राहिलेला पगारसुद्धा मागितला नाही.”

“आणि लंबूची बायको?”

“आहे. शिवणकाम करून मुलगी शिकवली बिचारीने. ही जाते अजून तिच्याकडे, महिन्यातून एकदा. मला तर त्या माउलीसमोर उभं राहायची लाज वाटते. माझाच दोस्त ना तो!”

“त्याला नावं नका ठेवू,” बायको हळू आवाजात म्हणाली.

“का नको? तेवीस वर्षं ठेवतोय, आता काय बिघडलं?”

कारकून आत गेला. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, त्याचे चौदा महिने गेले होते. बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. घाबरलीय, फिटरला वाटलं. त्याने तिच्या हातावर हात ठेवला. हात गार पडला होता.

कारकून उघडं पाकीट घेऊन आला. त्यातलं शेवटचं पान त्याने मघाच्या फॉर्मशेजारी ठेवलं आणि बराच वेळ दोन्ही सह्यांकडे आळीपाळीने बघत राहिला.

“काका, तुमची सहा वर्षं सापडली. पूर्ण.”

“बघ!” फिटर बायकोकडे वळला. त्याला एकदम हसू आलं, डोळेही भरून आले.

“पण खातं बंद आहे. तुम्ही तिथून निघालात म्हणता, त्याच आठवड्यात जहाजाच्या तळाशी आग लागली होती. एक कामगार जळून मेला. चेहरा राहिला नव्हता. गळ्यातल्या बिल्ल्यावरून ओळख पटवली.” कारकुनाने पानावरच्या ओळीवर बोट ठेवलं. “कागदावर तुम्ही वारलात, काका. तेव्हापासून विधवा-पेन्शन चालू आहे, दर महिन्याला. दरवर्षीच्या फॉर्मवर काकूंची सही आहे. मला साहेबांना बोलवावं लागेल.”

तो गेला. खिडकीपाशी दोघंच उरली.

फिटरला आधी पैसाच दिसला. गुडघा दिसला, शिडी दिसली. “तेवीस वर्षं?” त्याचा आवाज चिरकला. “घरात एक पै दिसली नाही मला! कुठे घातलेस तू ते पैसे?”

बायकोने पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

“जी विधवा झाली होती, तिला देत आले,” ती म्हणाली.