मान सरळ

"माझ्या स्टुडिओतून वीस वर्षांत एकही वाकडी मान बाहेर पडलेली नाही," फोटोग्राफर छाती फुगवून सांगायचा. त्याच्या स्वतःच्या मुलीची मान मात्र जन्मापासून खांद्याकडे कललेली. दर वाढदिवसाला तिला स्टुलावर बसवायचा, हनुवटी धरून मान सरळ करायचा आणि फोटो काढायचा.

"बाबा, मान सरळ केली की तुम्ही दोन दिसता."

"मग दोघांचंही ऐक!"

सोळाव्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. "एका डोळ्याचा स्नायू कमजोर आहे, दोन दिसू नये म्हणून ती मान कलवते. जन्मापासूनचं असेल तर साधं ऑपरेशन. हल्ली सुरू झालं असेल तर डोक्यात गाठबिठ नाही ना, ते बघावं लागेल. लहानपणचे फोटो आणा, मान तेव्हाही कललेली होती का ते कळेल."

फोटोग्राफरने सोळा फोटो टेबलावर मांडले. सोळाही सरळ.

"म्हणजे हे नवीनच आहे," डॉक्टर गंभीर झाले.

"अहो नाही हो, मीच सरळ करायचो!"

"तुम्ही फोटोग्राफर ना? मग फोटोवर तरी विश्वास ठेवा. आधी स्कॅन, मग ऑपरेशनचं बघू. अर्ज भरा, सहा महिन्यांनी नंबर लागेल."

अर्जाला फोटो हवा होता. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने तिच्या हनुवटीला हात लावला नाही. "बस बाळा, हवी तशी बस," म्हणाला आणि बटण दाबलं.

आठवड्याने अर्ज परत आला. कोपऱ्यात लाल शेरा होता: फोटोत मान सरळ नाही. नवीन फोटो जोडावा.